हाडीमाशी

मंगळवारी बाजारातल्या खाटकाकडून
मी पोतंभर हाडं आणते.
किती कुत्री पाळलीस, असं तो आता विचारत नाही.
घासाघीस होते ती नळीच्या हाडांवर,
ती त्याला सूपवाल्याला विकायची असतात.

मेरू डोंगराच्या या उतारावर
पाणी काचेसारखं येतं.
गार, गोड, वास नाही.
पाहुणे ओंजळीनं पितात, म्हणतात,
नशीबवान आहात.
आम्ही तोंड मिटून हसतो.

दार-एस-सलामच्या बसमध्ये
शेजारच्या बाईनं माझं नाव विचारलं,
गाव विचारलं नाही.
तेवढ्यात मी एकदा जांभई दिली होती.
चहाच्या डागासारखे दात,
ते माझ्याआधी बोलतात.

माझे सासरे, न्देकीर्वा,
ज्यांनी उभा जन्म केळीच्या बागेत पाट वळवला,
त्यांना आता वाकता येत नाही.
हातातली काठी पडली
तर कुणीतरी येईपर्यंत उभे राहतात.
मान वळवायची
तर सगळा माणूस वळतो.

दवाखान्यात सांगितलं,
पाण्यातलं फ्लोराइड हाडाच्या शोधात असतं.
हाड सापडलं की तिथंच बिऱ्हाड करतं.
हाडीमाशी खिळतं.
(हे शेवटचं माझं, डॉक्टरांचं नव्हे.)

मग त्याला हाड आधीच दाखवायचं.
घशाच्या अलीकडे.

भट्टी रात्रभर, हवा कोंडून.
कच्चं राहिलं तर पाणी पिवळं,
मेल्या जनावराच्या वासाचं.
जास्त भाजलं तर हाड पांढरंफटक पडतं,
मग त्याला कशाचीच ओढ राहत नाही.
काळं हवं. काळ्यावर किंचित करडी झाक.
कुटायचं, चाळायचं मक्याच्या कण्यांएवढं,
सात पाण्यांनी धुऊन
तोटीच्या बादलीत भरायचं.

सासरे म्हणाले,
मेलेल्या गाईतून आलेलं मी पिणार नाही.
मग जरा थांबून,
कुणाची गाय?
मला सांगता येईना. बाजारातली हाडं,
कुणाकुणाची.

मार्चमध्ये त्यांची लाल गाय गेली.
चौदा वर्षं त्याच पाटाला तोंड लावलेली.
जबडा उचलला तेव्हा पाहिलं,
तिचेही दात आमच्यासारखेच.
पाणी तपासायला येणाऱ्या पोराला विचारलं,
आधीच भरलेलं हाड आणखी धरेल का?
म्हणाला, थोडं कमी.

ती भट्टी मी एकटीनं लावली.
सासरे सगळे वळून बघत राहिले.
आठवड्यानं त्यांनी पेला पुढे केला.
पिऊन म्हणाले,
कशाचीच चव नाही.
तक्रार होती की काय, कळलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी, सवयीनं,
चुलीवरच्या घेवड्यात त्यांनी
चिमूटभर मगाडी टाकला,
तळ्याकाठचा खार, लवकर शिजावं म्हणून.
त्यात फ्लोराइड पाण्याहून जास्त.
कुणाला बोलणार?
आपलेच दात, आपलेच ओठ.
मी भांडं उपडं केलं. कोंबड्या धावल्या.
त्यांनाही हाकललं.
आता घेवडा तीन तास शिजतो
आणि लाकडासाठी मला दोन खेपा पडतात.

बादली कधी थकते ते दिसत नाही.
पाणी तसंच येतं, गार, गोड.
म्हणून झाकणावर कोळशानं तारीख लिहिलीय,
ओला हात लागून पुसली जाते,
पुन्हा लिहिते, अंदाजानं.

नाएलिज्वा दोन वर्षांची होती
बादली घरात आली तेव्हा.
ती दोन वर्षं कुठं मोजायची?
हिरडीच्या आत दात त्याआधीच घडायला लागतो म्हणे.

परवा तिचा वरचा पहिला पक्का दात फुटला.
तांदळाच्या कणीएवढा.
रोज सकाळी तिला दारात उभी करते,
उजेडाकडे तोंड करून.
आ कर, म्हणते.
ती हसते, आणि ओठ
दातावर येऊन बसतो.